दोरीवरची फडकी

वडिलांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं आणि त्यांचा लघवीवरचा ताबा गेला. दाढीचा एक खुंट राहिला तरी आरशासमोरून न हलणारे ते, आता लंगोटात आईच्या जुन्या लुगड्याच्या घड्या घालून वावरायचे. आई आधीच गेलेली, भाऊ सिन्नरला कारखान्यात, त्यामुळे घरात आम्ही दोघंच. मी शाळेत शिकवत होते, लग्न व्हायचं होतं. कॉलनीत कुणाला काही सांगायचं नाही, अशी त्यांनी मला शपथ घातली होती.

फडकी ते स्वतः धुवायचे आणि पलंगाखाली दोरी बांधून तिथं वाळत घालायचे. दारात लख्ख ऊन आणि यांची फडकी अंधारात ओलीच. वास जावा म्हणून अंगही कपड्याच्या साबणानं खसाखसा घासायचे. मी काही बोलले की उत्तर ठरलेलं, "झाकली मूठ सव्वा लाखाची."

मग एका सकाळी त्यांना बसवेना. जांघा सोलवटल्या होत्या, एका जागी पाणी सुटलं होतं. डॉक्टर मला म्हणाले, "जखम आत गेली तर अंथरुणाला खिळतील. साबण बंद करा. कोमट पाण्यानं धुवायचं, घासायचं नाही, टिपून कोरडं करायचं, मग खोबरेल. आणि फडकी कडक उन्हातच वाळली पाहिजेत."

घरी आल्यावर आमची जुंपली. ते नको म्हणत राहिले आणि माझं डोकं फिरलं. सव्वा लाखाची मूठ घेऊन अंथरुणात कुजायचंय का, असं तोंडावर बोलले त्यांना. फडकी उकळली आणि बादली घेऊन अंगणात आले. निम्मी दोरीवर टाकून झाली तोच समोरच्या काकू कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या.

त्यांनी आधी त्या मऊ, चौकोनी फडक्यांकडे पाहिलं, मग माझ्या पोटाकडे.

"कोण बाळंत झालं गं तुमच्याकडे? तूच महिनाभर रजेवर होतीस ना?"

रजा मी वडिलांच्या ऑपरेशनसाठी घेतली होती, पण ते सांगायचं तर पुढचं सगळं आलं. नाही सांगितलं तर ही गोष्ट शाळेत पोचायला संध्याकाळसुद्धा लागली नसती. मी हातातलं फडकं पुन्हा पुन्हा पिळत राहिले. काकूंचा राग आला, वडिलांचाही आला.

मागं दार वाजलं. वडील पाय फाकवत, भिंतीला धरून बाहेर आले. दाढी केलेली, केस नीट विंचरलेले. बादलीतलं एक फडकं त्यांनी उचललं, झटकलं आणि दोरीवर टाकलं.

"माझी आहेत," ते काकूंना म्हणाले. "मला लघवी धरवत नाही."

वडिलांनी माझ्यापुढं हात केला. "चिमटे दे."

मी दिले. दोरी झोके घेत होती, त्यांना चिमटा लावता येईना, म्हणून ती मी ताणून धरली.