मानेवरचा काळा पट्टा

सन २००२. मी एकसष्ट वर्षांचा होतो. धाकटी लेक तुडीलला दिलेली. लग्नाला चार वर्षं झाली तरी मूल नव्हतं. त्या साली ती माहेरी आली ती सगळे कपडे पिशवीत भरूनच. व्याह्यांचा निरोप होता, पोरीला काय झालंय ते बघा, मग बोलू.

तिची पाळी चार-चार महिने येत नसे. अंग सुटलेलं, हनुवटीवर केस, आणि मानेवर काळा पट्टा. तो मला मळच वाटायचा. मी म्हशी धुणारा माणूस. पेंढ्याच्या बोळ्याने घासली की म्हैस कशी चकचकीत होते. लेकीच्या हातात मी नारळाचा काथ्या दिला.

"घास गो. बाईमाणसाने असं ऱ्हावं?"

पाच रविवार तिला सव गावच्या गरम पाण्याच्या झऱ्यावर नेलं. मान सोलवटली, पट्टा होता तिथेच.

"आबा, मी काय म्हैस हाय?" ती म्हणाली.

शेवटी महाडच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी रक्त तपासलं, मशीन लावून पोट बघितलं.

"काका, हा मळ नाही. अंडाशयाचं दुखणं आहे, पण ते तेवढ्यावर थांबत नाही. शरीर इन्सुलिनला दाद देत नाही, म्हणून मान काळी पडली. रक्तातली साखर वाढायला लागली आहे. आत बारीक सूज असते, ती वरून दिसत नाही. गोळ्या, चालणं, भात कमी. मूल होऊ शकतं. थोडा धीर धरा."

"आमच्या घराण्यात कुणाला साखर नाय," मी ताडकन बोललो. गोळ्यांचा कागद सदऱ्याच्या खिशात कोंबला. गोळ्या घेतल्या नाहीत.

आठ दिवसांनी व्याही चार माणसं घेऊन आले. ओटीवर बसले. माणूस वाईट नव्हता. स्वतःहून म्हणाले, "डॉक्टर काय बोलला? औषध असंल तर आमी वरीसभर थांबू."

लेक दाराआड उभी होती. कागद माझ्या छातीवरच होता.

"माझी पोर धडधाकट हाय. तुमचा पोरगा तपासून घ्या."

चहा तसाच राहिला. "मंग आमी दुसरी बघतो," म्हणत ते उठले. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी खरंच मुलाचं दुसरं लग्न लावलं.

लेक बाहेर आली. "ते थांबायला तयार हुते, आबा. कागद का नाय दाखवलात?"

मी गार चहाचे कप उचलून आत नेले. आज ती माझ्याच घरात म्हातारी होत चालली आहे.

व्याही उठून गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोलादपूरला उतरलो. माझं शिक्षण तिसरीपर्यंत, पण कागदावर वरच्या ओळीत लेकीचं नाव आहे एवढं वाचता येत होतं. ती ओळ आत दुमडली आणि कागद औषधवाल्यापुढे धरला. दुकानात आमच्या वाडीतले दोघे उभे होते.

"साखरेच्या गोळ्या? कुणाला हो काका?" औषधवाल्याने विचारलं.

"मला," मी म्हणालो.