उचापतीकाकांची कडी

उचापतीकाकांच्या हातून आयुष्यात एकच कडी पक्की बसली, आणि नेमकी तीच आता निघायला हवी होती.

एरवी त्यांनी ठोकलेलं काही टिकत नसे. जावयाने ड्रिल मशीन भेट दिल्यापासून इमारतीतल्या भिंती धास्तावल्या होत्या. "आपण कर्म करत राहायचं," असं म्हणून ते इकडे भोक पाडत आणि तिकडे शेजाऱ्यांच्या डाळीत पोपडा पडे. अशा माणसाला एके दिवशी दिसलं, की समोरच्या चावीवाल्या नानांच्या बाथरूमला आतून कडीच नाही. कुलपांचं दुकान चालवणाऱ्याच्या घरी कडी नाही! काकांना झोप कसली लागते? नाना दुकानात गेल्याची संधी साधून त्यांनी पोलादी कडी बसवून टाकली. नानांच्या बायकोने, वहिनींनी, कौतुकाने चहा दिला. थोड्या वेळाने पुन्हा नवा चहा आणून, "अगोबाई, तुम्ही कधी आलात?" असंही विचारलं. त्या गंमत करताहेत असं समजून काका मनापासून हसले.

तो चहा संपायच्या आत काका त्याच बाथरूमच्या दाराशी उभे होते. वहिनी आत होत्या, कडी लागलेली होती, आणि मघाशी आतून धप्पकन आवाज आला होता.

काकांनी फोन केला तसे नाना दुकान उघडं टाकून धावत आले. पिशवीत गावातली सगळी कुलपं उघडतील अशी हत्यारं होती. पण कडीला बाहेरून भोक नसतं.

"ही कुणी लावली?"

"मी," काका म्हणाले. "तुम्हाला आश्चर्याचा धक्का..."

"बसला," नाना म्हणाले. "तिला विसर पडतो म्हणून मीच काढली होती."

"बाजूला व्हा, मी दार फोडतो!"

"थांबा!" नाना खाली वाकून फटीतून बघत होते. "दार आत उघडतं. ती त्यालाच टेकून बसलीये. लाथ मारली तर तिच्या पाठीत बसेल."

फटीतून पदराचं टोक दिसत होतं. त्याच्यावर लाल डाग होता.

नानांनी दारावर बोटाने हळूच टकटक केली. सगळ्या गावाच्या चेष्टेचा विषय झालेली ती टकटक. कुणी किल्ली हरवली म्हणून बोलावलं, तरी नाना आधी दार वाजवायचे, "आत कुणी आहे का? उघडू का?" असं विचारायचे आणि थांबायचे. गिऱ्हाईक वैतागायचं, "अहो, घर माझंय!" "घर तुमचंच हो. पण आतलं माणूस?"

त्याचं कारण त्यांनी काकांना एकदाच सांगितलं होतं. तरुणपणी एका गोडबोल्या माणसाचं दार त्यांनी चुटकीसरशी उघडून दिलं. आत एक बाई उभी होती, त्याच माणसापासून स्वतःला कोंडून घेतलेली. तिने नानांकडे पाहिलं. तो माणूस आभार मानून आत गेला. जिना उतरताना किंकाळी ऐकून नाना उलटे धावले, पण तोवर आतून कडी लागली होती.

"कोण आहे?" आतून क्षीण आवाज आला.

"मी आहे गं."

"मी कोण? जा! मी नाही ओळखत तुम्हाला!"

नानांनी डोळे मिटून घेतले. काकांना तिथून पळून जावंसं वाटलं. ज्या कडीवर ते इतके खूश होते, तिच्यापायी एक माणूस दाराआड संपत चाललं होतं.

"बरं," नाना म्हणाले, अगदी परक्या बाईशी बोलावं तसं. "मी चावीवाला. दार उघडायचंय का तुम्हाला?"

आतून बांगड्या वाजल्या. मग, "बाहेर माझे मिस्टर आहेत का?"

"आहेत. कसे आहेत हो ते?"

"हळूबाई! भाजीवाल्यालासुद्धा विचारतात, घेऊ का म्हणून."

"मग ते थांबतील. तुम्ही जरा सरकून बसा. वर हात लावा, गार लोखंड लागेल. ते बाजूला ओढा. घाई नाही."

घाई नाही म्हणताना नानांची बोटं चौकटीवर पांढरी पडली होती. आत काहीतरी सरपटलं. हात घसरला. पुन्हा घसरला. मग कडी करकरली.

वहिनींच्या कपाळावर खोक पडली होती. नानांनी रुमाल दाबून धरला. वहिनींनी नानांच्या तोंडाकडे निरखून पाहिलं आणि फार नम्रपणे म्हटलं, "भाऊ, मला घरी सोडाल का?"

"सोडतो," नाना म्हणाले. स्वतःच्याच घरात, बाथरूमपासून खाटेपर्यंत, त्यांनी वहिनींना हाताला धरून घरी सोडलं.

डॉक्टर टाके घालून गेले. वहिनी झोपल्या. नाना पायाशी बसून होते. काकांना राहवेना. "नाना, जन्मभर विचारल्याशिवाय कुणाचं दार उघडलं नाहीत, आणि आज तुमचं माणूस तुम्हालाच ओळखेना. हे त्या बाईचं फेडायचं राहिलेलं, की माझं कर्म तुम्हाला भोवलं? कुणाचं फळ म्हणायचं हो हे?"

"ते मला कळत नाही, स्क्रूड्रायव्हर घ्या आणि कडी काढा."