खिळ्यावरची गोधडी

उमरेडच्या प्रेमिलाबाईंनी आयुष्यभर गोधड्या शिवल्या, त्या अंथरायला-पांघरायला. पहिल्यांदाच एक गोधडी धरमपेठेतल्या प्रदर्शनासाठी दिली. सकाळी हॉलमध्ये येऊन पाहतात, तर ती भिंतीवर टांगलेली. चारी कोपऱ्यांत खिळे, खाली पाटी: ‘हात लावू नये.’

“काहून वं, तुह्या घरी गोधडी खिळ्याले टांगून झोपतात काय?” त्या आयोजक मुलीवर कडाडल्या.

“आजी, ही कला आहे.”

“चुलीत गेली तुही कला! माह्या टाक्यांत खिळे ठोकते अन् मलेच शिकवून राहिली!”

त्यांनी खिळे उपटले, पाटी भिरकावली, गोधडी फरशीवर अंथरली आणि मधोमध मांडी ठोकली. तेवढ्यात उद्घाटनाचे पाहुणे आत शिरले.

“साहेब, जोडे काढा अन् बसा इथं. उभ्या उभ्या गोधडी समजत नाही.”