अक्काचा काळा रुमाल

शिवाजीनगरच्या आमच्या ऑफिसातल्या कानडी टायपिस्ट बाईला सगळे अक्का म्हणत. ट्यूबलाइटखाली तिला अक्षरं सरपटताना दिसायची आणि चुका व्हायच्या. खिडकीशी टेबल द्या, एवढंच तिचं मागणं. डॉक्टरांना दोष सापडेना, म्हणून सर्टिफिकेट मिळेना आणि साहेब तर सर्टिफिकेटावरच अडून बसले. आणखी चुका झाल्या तर नोकरी जाईल, असंही त्यांनी बजावलं. त्रास बाईला होणार आणि तो खरा की खोटा ते शिक्का ठरवणार! मी युनियनचं पत्रक लिहायला घेतलं.

अक्का पत्रकासाठी थांबली नाही. सोमवारी ती डोळ्यांवर काळा रुमाल घट्ट बांधून मशीनवर बसली. साहेब फेऱ्या मारत मजकूर सांगू लागले आणि तिची बोटं बिनचूक चालू लागली. साहेब जिकडे जातील तिकडे तो बांधलेला चेहरा सावकाश वळत होता. माझ्याही अंगावर काटा आला.

"रुमाल काढा," साहेब म्हणाले.

"का सर? काय होतंय तुम्हाला?"

साहेबांना सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी तिचं टेबल खिडकीशी होतं.

"हक्क मिळवलास, अक्का," मी म्हटलं.

"हक्क कुठला रे," ती म्हणाली, "स्वल्प घाबरला तो. दुसरा साहेब आला, की त्यालाही घाबरवायला लागणार."