लव्हबर्डचं बारसं

परवाच्या रविवारी आमच्या मेहकरच्या घरी बारसं झालं... पक्ष्याचं. माझी बायको सुनंदा जाऊन अजून वर्षही झालेलं नाही.

मी इथे शक्यतो काही लिहीत नाही. लोकांचे वाढदिवस बघतो, लाईक करतो, फोन ठेवतो. पण रविवारपासून डोकं तापलंय आणि तोंडावर बोलणं मला जमत नाही. ज्यांच्याबद्दल आहे ते वाचतीलच.

पक्षी म्हणजे एक लव्हबर्ड. हिरवा, तोंडाकडे शेंदरी. बसस्टँडजवळच्या फिश टँकच्या दुकानात एकटाच उरला होता म्हणून सुनंदाने घरी आणला. पिंजरा स्वयंपाकघराच्या दारात टांगला... म्हणजे तिची शेगडी आणि माझी खुर्ची यांच्या बरोबर मधे.

नाव काही ठेवलं नव्हतं. नर की मादी हे दुकानदारालाही सांगता आलं नाही. "कळलं की ठेवू" म्हणायची. ते राहूनच गेलं.

माझी बहीण वंदना चिखलीला असते. आपल्याकडे बारशात नाव ठेवायचा मान आत्याचा. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे आमच्या घरात तिला तो कधी मिळाला नाही. हे तिच्या मनात इतकी वर्षं असेल असं मला वाटलं नव्हतं.

तिच्या मुलीने फॅमिली ग्रुपवर पोल टाकला. किवी, मँगो, रोमिओ... आणि सगळ्यात खाली सुनंदा. जवळजवळ सगळ्यांनी सुनंदाला मत दिलं, वर जोडलेले हात आणि रडके चेहरे. ती दवाखान्यात असताना ज्यांनी एकदा फोन करून विचारलं नाही, त्यांनीसुद्धा!

हे मी नंतर मेसेज वर सरकवून वाचलं. मला फक्त शेवटचा मेसेज दिसला होता, रविवारी येतोय, चालेल ना. मी अंगठा टाकला. मला वाटलं जेवायला येतायत.

ते आले घुगऱ्यांचा डबा घेऊन. पिंजऱ्याला झेंडूची माळ घातली, शेजारच्या दोघींना बोलावलं. वंदनाने पिंजऱ्याला तोंड लावून कुर्र केलं आणि नाव सांगितलं, भाचीने व्हिडिओ काढला. बायकांनी डोळे पुसले. पक्षी कोपऱ्यात पिसं फुगवून बसला होता... आणि मी खुर्चीत, हातात घुगऱ्यांची वाटी घेऊन.

त्यानंतर जे सुरू झालं ते ऐकवत नव्हतं. सुनंदाले राळ्याचे दाणे टाकले का... सुनंदाचा ट्रे कोण साफ करते... सुनंदा काऊन बोलत नाही. भाचीने जाळीतून बोट घातलं आणि ओरडली, "मामा, सुनंदा चावली!"

सगळे हसले. मी उठलो.

"वंदना, हे नाव काढ," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. घरात माझा आवाज कधी चढत नाही.

"ठेवलेलं नाव काढता येते का, दादा?" ती म्हणाली. "वहिनीचं नाव घरात राहीन म्हणून केलं ना. तूच तं अंगठा टाकला होता."

काय सांगणार... सुनंदा एक बाई होती. चहात साखर जास्त घालायची, वाद घातला तर जिंकूनच उठायची. तिचं नाव तिचं आहे. ते रिकामं झालं म्हणून दुसऱ्या कुणाला द्यायला नाव म्हणजे काही भाड्याची खोली नाही. उद्या हा पक्षी मेला तर मला पुन्हा 'सुनंदा गेली' असे मेसेज वाचायचे का?

यातलं मी काहीच बोललो नाही. बोलता आलं असतं तर ही पोस्ट लिहिली नसती.

वंदना रुसून स्वयंपाकघरात चहा ठेवायला गेली. साखर सापडेना, पण मला विचारायचं नव्हतं. मग तिने आतूनच तिच्या नवऱ्याला, आमच्या भाऊजींना, हाक मारली, "अवो, आयकलं का? साखर कुठी हाय ते विचारा त्याइले."

आणि तो पक्षी, जो सकाळपासून गप्प होता, तो दांडीवरून धावत स्वयंपाकघराच्या बाजूला गेला आणि जीव तोडून ओरडायला लागला. तिने पुन्हा हाक मारली... तो पुन्हा ओरडला.

मीही खुर्चीतून अर्धा उठलो होतो.

सुनंदाने आयुष्यात कधी माझं नाव घेतलं नाही. तिच्या वयाच्या बायका आमच्याकडे घेत नाहीत. दिवसभर शेगडीपासून हेच चालायचं, अवो, आयकलं का... आणि हाकेच्या वाटेत हा पिंजरा. तो समजायचा, त्यालाच बोलावतेय. माझ्याआधी तोच ओ द्यायचा.

वंदना चमचा हातात धरून दारात आली. आधी पक्ष्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"दादा," ती हळूच म्हणाली, "वहिनीनं तं नाव ठेवूनच देलं होतं याचं."

मग तिने स्वतःच झेंडूची माळ काढली. चहा सगळ्यांनी मुकाट्याने प्यायला. साखर जास्त झाली होती.

तर सगळ्यांना विनंती. ग्रुपवरचा तो व्हिडिओ काढून टाका आणि नवीन नावं सुचवू नका. त्याला नाव आहे. फक्त त्या नावाने मी त्याला हाक मारू शकत नाही, ते माझ्या तोंडी बसत नाही. हाक मारणारी गेली.

संध्याकाळी भिंतीपलीकडून शेजारच्या वहिनी त्यांच्या मालकांना हाक मारतात. आधीही होत असेल, पण रविवारपासून माझ्या लक्षात येतंय... आम्ही दोघंही मान वर करतो.