दुधात पाणी

फाटलेल्या दुधाचा वास मला आजही सहन होत नाही. दूध नासलं की बायका त्याचं काहीतरी गोडधोड करतात. मी ते सरळ मोरीत ओतते आणि वर दोन तांबे पाणी मारते. हा वास माझ्या नाकात बसला तो नव्वदच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात, लेक तीन आठवड्यांची असताना. तेव्हा पदराला, केसांना, उशीला, दुपट्यांना, माझ्या जेवणाच्या ताटालासुद्धा तोच वास यायचा. आंबट आणि कोमट. "बाळंतपणाचे दिवस किती गोड असतात नाही?" असं कुणी म्हणालं की मी विषय बदलते. मला त्या दिवसांत गोड काही दिसलं नाही. घाण दिसली.

माझी आई लग्नाआधीच गेली होती. त्यामुळं पहिलं बाळंतपण माहेरी, मुरगूडला, होण्याचा प्रश्नच नव्हता. ते सासरीच झालं, कोल्हापुरात. पेठेतलं घर, पुढं राहायच्या तीन खोल्या आणि मागं गोठा. गोठ्यात पाच म्हशी. सासऱ्यांना मी मामा म्हणायची आणि सासूबाईंना आत्याबाई, आमच्याकडं तसंच म्हणतात. नवरा कारखान्यात पाळीवर जायचा आणि घरी आला की झोपायचा.

मामा रोज संध्याकाळी दोन म्हशी चौकातल्या दूधकट्ट्यावर न्यायचे आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत पेल्यात धार काढून द्यायचे. तापवायचं नाही, गाळायचं नाही, फेसासकट तोंडाला लावायचं. पैलवान, मास्तर, वकील, सगळे मिशीला फेस लावून उभे. मला ते बघूनच मळमळायचं. पण पेठेत मामांना मान होता तो ह्याच दुधामुळं. ह्या माणसानं जन्मात दुधात पाण्याचा थेंब घातला नाही, असं लोक देवाची शपथ घ्यावी तसं सांगायचे. मामा ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे आणि म्हशीच्या पाठीवर उगीच हात फिरवायचे.

अशा घरात माझं दूध आटलं.

झालं असं की दहाव्या दिवशी माझ्या छातीला, उजव्या बाजूला, गळू झालं. डॉक्टरांनी चीर दिली, आत औषधाची पट्टी भरली आणि ती रोज येऊन बदलायला सांगितली. पट्टी ओढून काढताना तिच्याबरोबर जे बाहेर यायचं ते मी इथं लिहीत नाही. अंगावर पाजणं बंद करा, म्हणाले. पुढं जखम भरली, पण दूध गेलं ते गेलंच. पोरीला डब्याची पावडर सुरू झाली. एक औंस उकळलेलं पाणी, त्याला एक सपाट चमचा पावडर. मी सुरीच्या पाठीनं चमचा सपाट करायची, इतकी काटेकोर.

बघायला येणाऱ्या बायकांना हे कळलं आणि त्यांना विषय मिळाला. कोडोलीहून आलेल्या एका चुलतसासूनं तर बसल्या बसल्या, न विचारता, माझ्या पदराखाली हात घातला. "बगू, हाय का न्हाय दूध? का उगंच सोंग हाय?" त्याच हातानं आधी तिनं शेंगा फोडल्या होत्या. मी हात झटकला तर आत्याबाईंकडं बघून म्हणते, "पाच म्हशी दारात आन् पोरगी डब्यावर! इपरीतच की." त्यावर बाकीच्या बायकांनी च्च् च्च् केलं आणि माझ्या घरातला चहा ढोसला.

आणि पोरगी रडायची. भुकेलं मूल रडतं तसं नव्हे. घसा फुटेपर्यंत, पाय पोटाशी घेऊन, ओठ कोरडे पडेपर्यंत रडायची. रडली की सगळ्यांना वाटायचं भूक लागली. मग परत बाटली. बाटली संपायच्या आत भडाभडा ओकायची, पांढरा चोथा आणि हिरवट पाणी. शी व्हायची तर बकरीच्या लेंड्यांसारखी, आणि ती करताना तोंड जांभळं व्हायचं. मग सुरू व्हायचे घरचे उपाय. बेंबीभोवती हिंग लावला. तळपायाला वेखंड चोळलं. दृष्ट लागली म्हणून मीठ-मोहऱ्या-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. त्याचा ठसका लागून मी खोकले, आत्याबाई खोकल्या, पोरगी अजून मोठ्यानं रडायला लागली. "बगा, कसली जबर दृष्ट हुती," आत्याबाई म्हणाल्या.

आता जे सांगते ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मला माझ्या लेकीची किळस यायची. तिच्या मानेच्या वळ्यांत दूध साचून आंबायचं, तिथं बोट घालून पुसायचं सोडून मी वरूनच ओलं फडकं फिरवायची. पाजताना मी तिला गुडघ्यावर आडवी ठेवायची, लांब हातानं बाटली धरायची आणि तोंड खिडकीकडं करायची. आत्याबाईंनी एकदा बघितलं आणि त्यांच्या स्वभावाप्रमाणं तोंडावर बोलल्या, "मेला उंदीर धरल्यागत धरतीस की गं पोरगी!" त्या दिवसापासून मला त्यांचाही राग यायला लागला.

मामांचं उलटं. दवाखान्यात पट्टी बदलायला मी रोज दोन-तीन तास बाहेर असायची, तेव्हा पोरगी मामांकडं. दुपारी मी पडले की परत मामांकडं. गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून ते तिला छातीशी धरायचे. अंगातल्या बंडीला शेणाचा, पेंडीचा आणि तंबाखूचा वास, खांद्यावर तिच्या ओकारीचे वाळलेले पापुद्रे. तीच बंडी घालून ते कट्ट्यावर जायचे, त्याच हातांनी धार काढायचे. मला त्यांच्या हातून पाणीसुद्धा नको वाटायचं. पण पोरगी रडून रडून थकली की डोळे मिटायची ती तिथंच, त्या बंडीवर. मला हे दिसायचं आणि अजून चीड यायची.

तीन आठवडे झाले तेव्हा तिचा चेहरा म्हाताऱ्या माणसासारखा दिसायला लागला. मी आणि आत्याबाई तिला लहान मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेलो. त्यांनी वजन केलं. जन्मली त्यापेक्षा कमी भरलं. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, ती लगेच खाली बसेना.

"दिवसाला लंगोट किती ओले होतात?"

"दोन. कधी तीन."

"एवढ्याशा बाळाचे दोन?" त्यांनी चष्मा काढला. "ही भुकेनं रडत नाही. तहानेनं रडतेय. पावडर दाट कालवताय तुम्ही. उद्या सकाळी परत आणा. तोवर लंगोट ओले झाले नाहीत तर दाखल करून सलाइन लावावं लागेल. आणि एवढ्याशा हातात शीर सापडणं सोपं नसतं, सांगून ठेवते."

रिक्षात मला राग आवरेना. सुरीच्या पाठीनं चमचे सपाट करणारी मी, आणि मला दाट कालवता म्हणे! घरी आल्यावर पोरीला मामांच्या हातात दिलं. मानेवरची ओकारी धुवायला मोरीत गेले. बाहेर येऊन बघते तर मामा उंबऱ्यावर बसून तिला पाजतायत. बाटली भरलेली, आणि शेजारी मी सकाळी निघताना पाणी भरून ठेवलेला लाल थर्मास. मी तो उचलला. जड होता. झाकण फिरवून बघितलं तर काठोकाठ भरलेला.

"मामा, बाटलीत पाणी कुठलं घातलं?"

"पानी?" त्यांनी मान वर केली. त्यांना माझा प्रश्नच कळला नव्हता. "पानी कशाला घालू? दूध हाय की घरात."

चुलीवरच्या पातेल्यात सकाळचं तापवलेलं म्हशीचं दूध होतं, बोटभर सायीचं. त्यातलं दूध बाटलीत घेऊन ते त्यात डब्यातली पावडर कालवत होते. पावडर म्हणजे डॉक्टरनं दिलेलं औषध, ते दुधातनंच द्यायचं, असं त्यांनी धरलं होतं. मी घराबाहेर असताना रोज हेच चाललं होतं.

"चांगलं शीग लावून चमचं घातल्यात," ते म्हणाले. "हात आखडता घेतला न्हाय. आन् ह्या घरात आजपातुर दुधात पानी पडलं न्हाय. नातीपासनं सुरू करू व्हय?"

मी त्यांच्या हातातली बाटली हिसकावली आणि मोरीकडं फेकली. झाकण उडालं, भिंतीवरून ते पिवळट, दाट, गुळगुळीत दूध खाली ओघळलं. त्या घरात दीड वर्षात मी मामांपुढं मान वर केली नव्हती. त्या दिवशी गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ओरडले, "मारताय तुम्ही तिला! तहानेनं मरतीय माझी पोरगी, आणि तुम्हाला तुमच्या दुधाचं पडलंय!"

आत्याबाई पुढं झाल्या. मला वाटलं आता मला बोलणार. पण त्यांनी मामांना डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते सांगितलं, शब्दाला शब्द.

मामांनी पोरीच्या कोरड्या ओठांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "तान लागलीया?" आणि गोठ्याकडं बघत राहिले. "जनावराला तान लागली तर मला रस्त्यावरनं कळतंय. आन् हिची कळली न्हाय."

मला त्यांची दया आली नाही. मी नवी बाटली उकळून घेतली, थर्मासातलं पाणी मोजून ओतलं, सपाट चमचे घातले. पोरगी अशी प्यायली की मला बघवेना.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली ती पुढच्या दारातल्या बोलण्यानं. घरी येऊन दूध नेणारी गिऱ्हाइकं तांबे, कळशा घेऊन उभी होती आणि मामा पुढच्या उंबऱ्यावर उजेडाला बसले होते. डोळे अधू, बाटलीवरच्या खुणा बारीक, म्हणून दारात. मांडीशी थर्मास, शेजारी पावडरचा डबा. बाटली डोळ्यांसमोर धरून ते पाणी ओतत होते, थांबत होते, परत ओतत होते.

एक गिऱ्हाईक मामांकडं बघून हसलं. "काय तात्या, तुमीबी पानी घालाय लागला व्हय? संपलं म्हनायचं कोल्हापूर!"

सगळे हसले. मामांनी बाटली खाली ठेवली नाही.

"व्हय, घालतोय की पानी," ते म्हणाले. "न्हाय घातलं म्हनून पोरगी जात हुती माजी. बसा पावणं, माप चुकंल. हिचं झाल्यावर तुमचं."

हसलेला माणूस कळशी खाली ठेवून पायरीवर बसला. मी दाराआड उभी होते ती तशीच मागं फिरले.

त्या सकाळपर्यंत पाच लंगोट ओले झाले. मुताचे लंगोट मोजून मला आनंद झाला, हे आजही सांगताना कसंतरीच वाटतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दाखल करायची गरज नाही. मी म्हणाले, ओकणं अजून थांबलेलं नाही. आजोबांकडं प्यायली तर राहतं, माझ्याकडं प्यायली की उलटतं.

"पाजून दाखवा बघू."

मी पर्समधून बाटली काढली, पोरीला गुडघ्यावर आडवी घेतली आणि पाजायला लागले.

"इतकी लांब का धरलीय?" त्यांनी विचारलं. "बाटली आडवी आहे, निम्मी हवा पितेय ती. मग उलटणारच. अंगाशी घ्या. डोकं वर, अगदी छातीला लावून. झाल्यावर खांद्यावर उभी धरा."

आत्याबाई शेजारीच बसल्या होत्या. मेल्या उंदराचं त्या बोलतील म्हणून मी वाट बघितली. त्यांनी फक्त माझ्या मांडीवरचं दुपटं सारखं केलं, आणि ते मला जास्त लागलं.

घरी आल्यावर दुपारची बाटली मी केली. गोठ्याच्या उंबऱ्यावर, मामांच्या जागेवर, जाऊन बसले, कारण वारा तिथंच होता. मामा समोर म्हशींना पेंड कालवत होते. पोरीला छातीला लावलं. जखमेवर तिचं डोकं दाबलं जात होतं आणि दुखत होतं. तिच्या मानेतला तो वास सरळ नाकात आला. मी तोंड फिरवलं नाही. बाटली संपली तशी तिला खांद्यावर उभी धरली, पाठीवर थोपटलं. ढेकर आला आणि त्याबरोबर घोटभर दूध माझ्या मानेवर पडून ब्लाउजच्या आत ओघळत गेलं. कोमट, आंबट, चिकट. अंगावर काटा आला.

मामांनी हात धोतराला पुसले आणि पुढं केले. "आन इकडं. तू जा, धुऊन ये."

"राहू दे, मामा," मी म्हणाले. "झोपतीय ती."