रेवाभाईतला ‘ह’

किस्से काही कुणी जमवत नाही. शिवणाच्या डब्यात सुटी बटणं जमतात तसे ते जमतात. कुठल्या सदऱ्याचं कुठलं ते आठवत नाही, पण टाकवतही नाही. एका फोनोचे, एका तबकडीचे आणि आमच्या ढाळजेत बसणाऱ्या शहाण्यांचे माझ्याकडं इतके जमलेत, की लेकी म्हणतात, आई, एकदाचं सांगून टाक. तर सांगते. फक्त मधेच कुणी ‘असं कसं?’ म्हणायचं नाही. माझं डोकं लवकर तापतं, हे हळ्ळीखेडला सगळ्यांना ठाऊक आहे.

*

निजामाचं राज्य होतं. हळ्ळीखेडला आमची अडत होती. माझे मालक माणिकराव एकदा हैदराबादला माल घालायला गेले आणि येताना भोंग्याचा फोनो घेऊन आले. दुकानदारानं नाटकाच्या पदांच्या सहा तबकड्या दिल्या आणि सातवी वर फुकट टाकली. ‘ये तो कोई लेताच नै, तुमीच ले जाव,’ म्हणाला.

संध्याकाळी ढाळजेत, म्हणजे आमच्या बाहेरच्या सोप्यात, बैठक भरली. वामनराव पेशकार आले. मुन्सफाच्या कचेरीत ते कागद वाचून दाखवत, त्यामुळं उर्दूत त्यांचा शब्द शेवटचा. गुंडेराव पोस्टमास्तर आले. त्यांना जगातलं सगळं माहीत, कारण जगातली सगळी पत्रं त्यांच्या हातून जायची. माझे सासरे अप्पा एका कानानं अधू, म्हणून ते भोंग्याच्या तोंडाशीच बसले. आम्ही बाया माजघराच्या दाराआड.

सहा तबकड्या झाल्या. मग सातवी लावली. पूरिया राग होता. आवाज खाली, रुंद, कसली म्हणून घाई नाही. तीन मिनिटं पेशकारांनी सुपारीसुद्धा कातरली नाही.

मग ते म्हणाले, “कोण बुवा हाय हा?”

तबकडीवरचा कागद ओल लागून सोललेला. इंग्रजी गेलेलं, उर्दूची एकच ओळ राहिलेली. पेशकारांनी चष्मा पुसून वाचलं: रे-वा-बा-ई. आणि निकाल दिला, की लिहिणारा कातिब चुकलाय. उर्दूत ‘बाई’ आणि ‘भाई’ यांत एका ‘ह’चा फरक, तो ‘ह’ कातिब विसरला.

गुंडेरावांनी शंका काढली, रेवाभाई असं नाव असतं का?

“रेवा म्हंजे नर्मदा. नर्मदा जाती गुजरातेत. गुजरातेत सगळे भाई. आनखीन काय पुरावा पायजे?”

आणि त्यांनी कोटाच्या खिशातनं कचेरीचा टाक काढला आणि लाल शाईनं तबकडीवर तो ‘ह’ घालून टाकला. त्या दिवसापासून आमच्याकडं रेवाभाई गाऊ लागले.

*

आता माझ्या आवाजाचं सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

एकदा तहसिलीचा चपराशी दारात आला. अप्पासाहेब आहेत का, म्हणून त्यानं हाक दिली. घरात मी एकटी. मी आतूनच म्हटलं, “न्हाईत. शेताकडं गेलेत.”

“जी अप्पासाहेब,” म्हणून तो मुजरा करून निघून गेला. कचेरीत त्यानं सांगितलं, अप्पासाहेबांनी स्वतः सांगितलंय, अप्पासाहेब घरी नाहीत!

गावभर हसले. मीही हसले. पण नागपंचमीला झाडाखाली बायांचा फेर धरला, की थोरल्या जाऊबाई म्हणायच्या, तू गाऊ नको, नुसत्या टाळ्या वाजव, तुझ्या आवाजानं फेर बिघडायलाय. लग्न होऊन चार पंचम्या झाल्या होत्या. चारही पंचम्या मी टाळ्या वाजवल्या. माहेरी मी दळताना गायची, सासरी दळतानाही ओठ मिटून.

म्हणून दाराआडून ती तबकडी ऐकली तेव्हा मला आधी रडू आलं आणि मग राग आला. ही बाई होती! श्वास कुठं घेते, खाली उतरताना गळा कसा सैल सोडते, ते मला माझ्या गळ्यात कळत होतं. आणि रेवा म्हणजे कसली नर्मदा? इकडं आळंदच्या बाजूला घरटी एक रेवम्मा असते.

जेवताना मी मालकांना सांगितलं, “बाई हाय ती. आन् ती बाई निघाली, तर ह्या पंचमीला मी गाणार.”

“आन् न्हाई निघाली तर?”

“तर जन्मभर टाळ्या.”

त्यांनी भाकरी मोडली आणि म्हणाले, बरं.

*

बैठकीत हे गेलं आणि गुंडेरावांनी मधला मार्ग काढला. पोस्टमास्तरच ते. म्हणाले, वैनींचं बी खरं, पेशकारांचं बी खरं. बाईच आहे, पण मशीन हळू फिरतंय, म्हणून बाप्याचा आवाज येतोय.

मला हे पेशकारांच्या बोलण्याहून जास्त लागलं. म्हणजे बाई आहे, पण बिघडलेली! मी मालकांकरवी निरोप धाडला, की फेरे मोजा. एका मिनिटाला अठ्ठ्याहत्तर पाहिजेत, हे फोनोच्या झाकणावरच लिहिलंय.

तबकडीला कागदाची चिठ्ठी चिकटवली. घड्याळ गुंडेरावांच्या हातात. मोजायला अप्पा, कारण पोती मोजून मोजून त्यांची जीभ गिरणीच्या पट्ट्यासारखी चालायची. मोजणी ते कन्नडातच करत. ओंदू, एरडू करत निघाले, मिनिट भरलं आणि म्हणाले, “एप्पत्तेंटू.” अठ्ठ्याहत्तर. एक कमी नाही, एक जास्त नाही.

गुंडेराव घड्याळाकडं बघत म्हणाले, “कन्नडातले अठ्ठ्याहत्तर चालतेत का?”

*

ठाणाकुशनूर माझं माहेर. मधे एकदा गेले तर आई म्हणाली, पाटलांच्याकडं पण असलाच फोनो होता, पोरांनी मोडला. मी तशीच उठून पाटलीणबाईंकडं गेले. तबकड्या हैत का, विचारलं.

“ते काळं झाकण व्हय?” म्हणाल्या आणि मला चुलीपाशी नेलं. दुधाच्या मडक्यावर झाकण म्हणून ठेवलेलं. उचलून बघते तर रेवाबाई! कागद दुधानं खाल्लेला, पण उर्दूची ओळ जशीच्या तशी. माझा भाऊ उर्दू शाळेत शिकलेला, त्यानं वाचून सांगितलं, यातही ‘ह’ नाही.

मी त्यांना बदल्यात पितळेचं झाकण दिलं आणि तबकडी मांडीवर घेऊन गाडीत बसले. वाजवायला ती कामाची नव्हती, उन्हातल्या पापडासारखी वाकली होती. पण वाचायला तर होती. ती मी ढाळजेत पाठवून दिली. आता काय म्हणतात, म्हणून दाराला कान लावला.

पेशकारांनी दोन्ही तबकड्या शेजारी शेजारी धरल्या. शांतपणे म्हणाले, “कातिब एकच दिसतोय.”

त्या दिवशी माझ्या हातनं आमटीत मीठ दोनदा पडलं.

*

मग गुंडेरावांनीच एक दिवस सहज सांगितलं, की जुन्या तबकड्यांत गाणं संपलं की गाणारा आपलं नाव सांगतो. आपल्या तबकडीत सांगतो का, कोण जाणे. कोण जाणे, कारण आमच्या तबकडीला अगदी शेवटी बोटभर तडा होता. तान संपत आली, की मालक सुई उचलायचे. आजवर तो शेवट कुणी ऐकलाच नव्हता.

मी म्हटलं, ऐकू या. मालक म्हणाले, सुई तड्यात अडकली तर तबकडीच फुटंल, मग हे बी जाईल.

हे मात्र खरं होतं. आठ दिवस मी विचार केला. रोज दुपारी पुरुष बाहेर गेले, की मी ती एकदा लावून ऐकायची आणि तड्याच्या आधी सुई उचलायची. तिच्याशिवाय दुपार कशी जाईल, ते मला सांगता येत नव्हतं. पण ती रेवाभाई म्हणूनच वाजत राहणार असेल, तर तेही मला सोसत नव्हतं. शेवटी ठरवलं.

संध्याकाळी बैठकीत तबकडी लागली. तान समेवर आली, मालकांचा हात सुईकडं गेला आणि मी दारातनं बाहेर आले. डोक्यावर पदर घेऊन, अप्पांच्या समोर, पेशकारांच्या समोर, ढाळजेत. मालकांचं मनगट धरलं.

“उचलू नका.”

सुई तड्यात गेली. कट, कट, कट. मग तोच आवाज बोलला, “मेरा नाम रेवाबाई निंबर्गेवाली.” मग नुसती खरखर. सगळ्यांना वाटलं, संपलं. तेवढ्यात तिकडं कुणाला तरी ती हळूच म्हणाली, “झालं का वं? मग पानी द्या की आता.”

आणि टक्क करून तबकडीचे दोन तुकडे झाले.

अप्पा भोंग्याला कान लावून तसेच बसले होते. पेशकारांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

“वैनी,” ते म्हणाले, “तेवढा ‘ह’ माझा. मी परत घेतो.”

*

मी जिंकले. मालक म्हणाले, आता पंचमीला गा, कुणी काय म्हणतंय बघू. पण माझ्या गळ्यातनं आवाज निघेना. दुपारी फोनो नुसता दिसायचा. जिच्या आधारानं गायचं होतं, तिलाच मी मोडून बसले होते. पुन्हा टाळ्याच वाजवायच्या का काय, अशी भीती मला खरोखर वाटायला लागली.

मग मी म्हटलं, निंबर्ग्याला जायचं. जाऊबाईंनी कपाळाला हात लावला. गाणाऱ्या बाईच्या घरी, घरच्या सुनेनं? त्या आणखी बोलणार होत्या, पण अप्पा जोड्यात पाय घालत म्हणाले, गाडी जुंपा. अप्पांच्या पुढं बोलायची कुणाची छाती नव्हती.

निंबर्ग्यात कुणी रेवाबाई गाणारी ओळखेना. एका पोरीनं विचार करून सांगितलं, गाणारी न्हाई, शेंगा फोडणारी एक रेवक्का हाय. आम्ही तिच्या मागं गेलो. गावाच्या टोकाला दोन खणांचं घर. ओसरीत पन्नाशीची एक बाई भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. मालकांनी विचारलं, आपणच का रेवाबाई? ती म्हणाली, “व्हय. कामून?”

त्या एका ‘व्हय’नं मला कळलं. मी खालीच बसले.

तिनं सगळं सांगितलं, शेंगा फोडत फोडत. तबकड्यांच्या कंपनीच्या साहेबानं एकदाच बोलावलं. पुढं निरोप आला, की बाईची म्हणून लोक तबकडी घेतात आणि बाप्या निघाला म्हणून परत आणतात. पुन्हा बोलावणं आलं नाही. गाणं सुटलं. तिच्याकडं तबकडी नव्हती. तिला कुणी दिलीच नव्हती. निंबर्ग्यात फोनोही नव्हता. आपण गायलेलं तिनं एकदाही ऐकलं नव्हतं.

“तू ऐकलीस म्हन की,” ती मला म्हणाली. “आनलीस का?”

मी पदरातनं दोन तुकडे काढून तिच्या मांडीवर ठेवले आणि माझ्या हातनं फुटली, असं सांगून टाकलं. मला वाटलं ही आता उठून आत जाईल. तिनं तुकडे जोडून बघितले, त्यावरनं अंगठा फिरवला. तोंडावर राग नव्हता. नुसती उत्सुक होती, माहेरची खबर विचारावी तशी.

“कितींदा ऐकलीस?”

मी म्हटलं, मोजलं न्हाई. पाठ झालीय.

“मग म्हनून दाखव. कसं झालं होतं, मला बी कळू दे.”

मी मालकांकडं बघितलं, अप्पांकडं बघितलं. अप्पांनी आपला चांगला कान माझ्याकडं केला. मग मी डोळे मिटले आणि पूरिया सुरू केला. भीत भीत, जरा चढ्या सुरात, बायांनी गावा तसा.

रेवाबाईंनी हातातली शेंग सुपात टाकली.

“तंगी,” कन्नडात धाकट्या बहिणीला म्हणतात तसं म्हणाल्या, “माडीवरनं बोलायलीस कामून? खाली ये. मी खाली हाय.”